घरातील बुरशीचे बीजाणू हवेत कसे मिसळतात?

पावसाळा सरत आला की अनेक घरांच्या भिंतींवर ओलीच्या खुणा दिसू लागतात. कपाटामागील कोपऱ्यात, न्हाणीघराच्या छताला, गच्चीखालच्या खोलीत काळपट, हिरवट किंवा पांढुरका थर चढलेला असतो. काही दिवसांनी ऊन पडते, भिंती वाळतात, सणासाठी साफसफाई सुरू होते आणि नेमक्या याच सुमारास घरातील कुणाला शिंका, खोकला किंवा दम्याचा त्रास जाणवू लागतो. डाग भिंतीवर आणि त्रास श्वसनमार्गात, या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे बुरशीचे बीजाणू. हे बीजाणू भिंतीवरून हवेत केव्हा आणि कसे येतात, हे समजून घेतल्यास त्रास टाळण्याचे उपायही स्पष्ट होतात. या विषयातील मुख्य बाब अशी की, बुरशी वाढते ओलाव्यात. परंतु घरात सर्रास आढळणाऱ्या अनेक बुरशींचे बीजाणू ओल वाळताना आणि पृष्ठभागाला धक्का लागताना अधिक सहज सुटतात.

बुरशी आणि तिचे बीजाणू

बुरशी ही वनस्पती नव्हे आणि जीवाणूही नव्हे. कवकांच्या स्वतंत्र सृष्टीत तिचा समावेश होतो. तिचे शरीर अतिशय बारीक तंतूंचे बनलेले असते. हे तंतू गिलाव्यावरील रंग, लाकूड, कागद, चामडे, कापूस किंवा नुसती साचलेली धूळ यांतून अन्न शोषून घेतात. अन्न घरात सर्वत्र उपलब्ध असल्याने बुरशीची वाढ प्रामुख्याने पाण्यावर अवलंबून राहते. पृष्ठभागालगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक राहिली, तर घरातील बहुतेक सामान्य बुरशींना वाढता येते.

वाढ पुरेशी झाली की बुरशी बीजाणू तयार करते. ॲस्परजिलस या बुरशीत तंतूंपासून एक उभा देठ निघतो, त्याच्या टोकाला गोलसर डोके येते आणि त्या डोक्यावर बीजाणूंच्या माळा उगवतात. फ्लॉरेन्सचे वनस्पतिशास्त्रज्ञ व धर्मगुरू पिएत्रो अंतोनिओ मिकेली यांना १७२९ साली हा आकार चर्चमध्ये पवित्र जल शिंपडण्याच्या साधनासारखा दिसला आणि त्यावरून त्यांनी या बुरशीला नाव दिले. पेनिसिलियम या बुरशीचा देठ टोकाशी कुंचल्यासारखा फांदलेला असतो. तिचे नावही त्या आकारावरूनच आले आहे.

देठ उंच असण्यामागे उपयुक्त कारण आहे. कोणत्याही भिंतीला अगदी चिकटून असलेला हवेचा पातळ थर जवळजवळ स्थिर असतो. खोलीत वारा खेळत असला तरी या थरात त्याचा जोर फारसा पोहोचत नाही. देठामुळे बीजाणू या स्थिर थरातून थोडे वर उचलले जातात आणि हलत्या हवेच्या जवळ येतात.

बीजाणू सुटण्याचे दोन प्रकार

बीजाणू सुटण्याच्या पद्धतींचे ढोबळमानाने दोन गट पडतात. पहिल्या गटातील बुरशी स्वतःच्या बळावर बीजाणू फेकतात. काहींमध्ये बीजाणूंच्या पिशवीत पाण्याचा दाब वाढत जातो आणि ती फुटताच बीजाणू बाहेर उडतात. भूछत्रांच्या वर्गातील कवकांत बीजाणूच्या बुडाशी पाण्याचा सूक्ष्म थेंब जमतो. तो बीजाणूच्या पृष्ठभागावरील पाण्यात मिसळतो त्या क्षणी बीजाणू देठावरून उडतो. कॅनडात दीर्घकाळ काम केलेले शास्त्रज्ञ बुलर यांच्या नावाने हा थेंब ओळखला जातो. या पद्धतीला ओलावा आवश्यक असतो. युरोपातील जुन्या घरांचे लाकूड पोखरणारी आणि हिमालयाच्या जंगलांतही निसर्गतः आढळणारी सर्पुला ही बुरशी याच वर्गातील आहे. तिचे फळ धरले की खोलीभर तांबूस भुकटी पसरलेली दिसते. ती भुकटी म्हणजे तिचे बीजाणू होत.

दुसऱ्या गटातील बुरशींना बीजाणू फेकण्याची स्वतःची यंत्रणा नसते. त्या वारा, कंपन, स्पर्श किंवा पाण्याचा थेंब यांवर विसंबून असतात. भारतीय घरांत नेहमी आढळणाऱ्या ॲस्परजिलस, पेनिसिलियम आणि क्लॅडोस्पोरियम या बुरशी याच गटात मोडतात. म्हणून घरातील हवेच्या दृष्टीने हा दुसरा गट अधिक महत्त्वाचा ठरतो. या गटातील काही बुरशींचे देठ हवा कोरडी होताना पिळवटतात आणि त्या हिसक्याने बीजाणू झटकले जातात.

कोरडी हवा आणि वाऱ्याचा वेग

फिनलंडमधील संशोधकांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बुरशीच्या वाढीवरून वेगवेगळ्या वेगाने हवा सोडून पाहिली. ॲस्परजिलस आणि पेनिसिलियम यांचे बीजाणू सुटण्यास सेकंदाला अर्धा मीटर इतका वेग पुरेसा ठरला. क्लॅडोस्पोरियमसाठी किमान एक मीटर वेग लागला. सेकंदाला अर्धा मीटर म्हणजे ताशी दोन किलोमीटरहूनही कमी. माणसाच्या संथ चालीपेक्षाही हा वेग कमी आहे. छताच्या पंख्याखाली हवेचा वेग सहसा याहून अधिक असतो.

याच प्रयोगांत हवेतील आर्द्रतेचाही परिणाम दिसून आला. हवा कोरडी असताना ॲस्परजिलस आणि पेनिसिलियम यांचे बीजाणू अधिक संख्येने सुटले. ओलसर पृष्ठभागावर बीजाणू पाण्याच्या सूक्ष्म थराने एकमेकांना व देठाला धरून राहतात. तो थर वाळला की त्यांच्यातील बंध सैल होतो. त्यामुळे भर पावसात डाग मोठा दिसत असला, तरी त्या बुरशीचे बीजाणू सुटण्यास अनुकूल काळ नंतर, म्हणजे भिंत वाळत असताना येतो. वातानुकूलन यंत्र काही आठवडे बंद राहून पुन्हा सुरू केले जाते तेव्हाही असेच घडू शकते. यंत्राच्या आत धुळीवर वाढलेली बुरशी एकाएकी वेगवान हवेच्या झोतात सापडते.

सर्व बुरशी सारख्या नसतात

बीजाणू किती सहज सुटतात, हे बुरशीच्या रचनेवर अवलंबून असते. ॲस्परजिलस आणि पेनिसिलियम यांचे बीजाणू कोरडे असून त्यांच्यावर हायड्रोफोबिन नावाच्या प्रथिनांचा थर असतो. हा थर पाणी झटकून टाकतो, त्यामुळे बीजाणू सुटे राहतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून या थराचे आणखी एक कार्य उजेडात आले. या थरामुळे श्वासावाटे आत गेलेला बीजाणू शरीराच्या संरक्षक यंत्रणेच्या लक्षात येत नाही. तो अंकुरू लागला आणि थर गळून पडला, म्हणजे यंत्रणा त्याची दखल घेते.

याउलट स्टॅकिबोट्रिस ही काळ्या रंगाची बुरशी आपले बीजाणू चिकट स्रावात धरून ठेवते. ती सतत भिजत राहणाऱ्या कागदी पुठ्ठ्यावर, जिप्समच्या पडद्यांवर आणि भिंतीला लावलेल्या कागदावर वाढते. ओली असताना तिचे बीजाणू हवेत फारसे येत नाहीत. गळणाऱ्या पाण्याचे थेंब तिच्यावर आपटले तर शिंतोड्यांबरोबर ते इतरत्र जातात. ती वाळून खडखडीत झाली आणि कुणी खरवडली, तर मात्र तेही हवेत मिसळतात. फ्रान्समधील संशोधकांनी २०१७ साली भिंतीच्या कागदावर तीन बुरशी वाढवून त्यांच्यावरून हवा सोडली. त्यांत पेनिसिलियम सर्वांत सहज उडाली, त्यानंतर ॲस्परजिलस आणि सर्वांत कमी स्टॅकिबोट्रिस. या बुरशींनी तयार केलेली विषद्रव्येही उडालेल्या कणांबरोबर हवेत आल्याचे त्या प्रयोगात आढळले.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. डागाच्या रंगावरून धोक्याचा अंदाज बांधता येत नाही. सर्वांत काळा डाग हवेत सर्वाधिक बीजाणू सोडतोच असे नाही आणि फिकट हिरवट भुकटी दुर्लक्ष करण्याजोगी असतेच असे नाही.

माणसाच्या हातून होणारी उधळण

वाऱ्याने सुटणाऱ्या बीजाणूंपेक्षा थेट धक्क्याने सुटणाऱ्या बीजाणूंचे प्रमाण बरेच अधिक असू शकते. कपाटाचे दार आपटणे, भिंतीत खिळा ठोकणे, माळ्यावरील गाद्या झटकणे, जुन्या पुस्तकांचे गठ्ठे हलवणे, कोरड्या केरसुणीने भिंत झाडणे, रंगाचे पोपडे पत्र्याने खरवडणे, या सर्व कृतींतून बुरशीच्या वाढीला जोराचा हिसका बसतो. घाऊक प्रमाणात बीजाणू हवेत येतात ते अशा वेळी.

हवेत आलेले बीजाणू कालांतराने खाली बसतात, परंतु त्यांचा प्रवास तेथे संपत नाही. जमिनीवरील, सतरंजीवरील आणि फर्निचरवरील धुळीत ते साठून राहतात. चालण्याने, मुलांच्या खेळण्याने आणि झाडण्याने ते पुन्हा उडतात. त्यामुळे भिंतीवरील डाग पुसला गेल्यानंतरही धूळ तशीच राहिली असेल, तर घरातील हवा लगेच स्वच्छ होत नाही.

बीजाणू हवेतून किती दूर जाऊ शकतात, याचे प्रसिद्ध उदाहरण वैद्यकशास्त्राच्या इतिहासात आहे. १९२८ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या तबकडीत पेनिसिलियमचा बीजाणू पडला आणि त्यातून पेनिसिलिनचा शोध लागला. हा बीजाणू खालच्या मजल्यावरील ला टूश या कवकशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेतून आला असावा, असे मानले जाते. ला टूश त्या वेळी दम्याच्या संशोधनासाठी घरांतून मिळालेल्या बुरशी वाढवीत होते.

बीजाणूंपेक्षाही लहान तुकडे

बराच काळ घरातील बुरशीचे मोजमाप बीजाणूंच्या संख्येवरून केले जात असे. अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२ साली या पद्धतीची मर्यादा दाखवून दिली. बुरशी वाढलेल्या पृष्ठभागांवरून हवा सोडली असता बीजाणूंबरोबर तंतूंचे व बीजाणूंच्या आवरणांचे अतिसूक्ष्म तुकडेही सुटत असल्याचे त्यांना आढळले. काही चाचण्यांत या तुकड्यांची संख्या बीजाणूंच्या ३२० पटींपर्यंत गेली. हे तुकडे बीजाणूंपेक्षा लहान असल्याने अधिक काळ तरंगतात आणि फुफ्फुसात अधिक खोल जाऊ शकतात. शरीराची प्रतिक्रिया जागवणारी द्रव्येही त्यांत असतात. म्हणून बुरशी केवळ मारून टाकणे पुरेसे होत नाही. मेलेली, वाळलेली बुरशीही भुकटीच्या रूपाने त्रास देऊ शकते.

हवेत किती वेळ राहतात?

बीजाणूंचा आकार मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ॲस्परजिलस फ्युमिगेटस या प्रकाराचे बीजाणू साधारण २ ते ३.५ मायक्रॉन आकाराचे असतात. स्टॅकिबोट्रिसचे बीजाणू सुमारे १० मायक्रॉन लांब, तर अल्टरनेरियाचे त्याहून कितीतरी मोठे असतात.

आकारानुसार खाली बसण्याचा वेग बदलतो. पाण्याइतक्या घनतेचा ३ मायक्रॉनचा कण पूर्णपणे स्थिर हवेत अडीच मीटर उंचीवरून खाली येण्यास सुमारे अडीच तास घेतो. १० मायक्रॉनच्या कणाला हेच अंतर कापण्यास सुमारे १४ मिनिटे लागतात, तर ३० मायक्रॉनचा कण दीड मिनिटात खाली पोहोचतो. राहत्या खोलीतील हवा कधीच पूर्णपणे स्थिर नसते. पंखा, चालणे आणि उष्णतेमुळे वर चढणारी हवा यांमुळे लहान बीजाणू याहूनही अधिक वेळ तरंगत राहतात. सकाळी झाडलेल्या खोलीतील लहान बीजाणू दुपारपर्यंत श्वासात जाऊ शकतात, ते यामुळे.

आरोग्याशी असलेला संबंध

हवेतील बीजाणूंचा अभ्यास भारतात फार पूर्वी सुरू झाला. डेव्हिड डग्लस कनिंगहॅम या ब्रिटिश लष्करी वैद्याने १८७० च्या दशकात कोलकात्याच्या तुरुंगांच्या आवारात चिकट काचपट्ट्यांवर हवेतील कण गोळा केले. पटकी आणि ताप यांचे कारण हवेत सापडेल का, हे त्यांना पाहायचे होते. तो संबंध आढळला नाही, परंतु हवेत बुरशीचे बीजाणू विपुल असतात, हे त्यातून स्पष्ट झाले.

आपण सर्वजण दररोज बीजाणू श्वासावाटे आत घेतो. निरोगी व्यक्तीचे शरीर ते सहसा बाहेर टाकते किंवा नष्ट करते. ५ मायक्रॉनपेक्षा लहान कण फुफ्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचू शकतात, तर मोठे कण नाकात व घशात अडकतात. ॲलर्जी किंवा दमा असलेल्यांना शिंका, नाक चोंदणे, डोळे चुरचुरणे, धाप लागणे असे त्रास होतात. दम्याच्या काही रुग्णांत ॲस्परजिलसमुळे फुफ्फुसाचा दीर्घकालीन ॲलर्जिक विकार जडतो. क्षयरोग बरा झाल्यानंतर फुफ्फुसात राहिलेल्या पोकळीत ही बुरशी वाढू शकते. रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणारे आणि अवयवरोपण झालेले रुग्ण यांच्यात ती प्राणघातक संसर्ग घडवू शकते. रुग्णालयात बांधकाम किंवा दुरुस्ती सुरू असताना असे संसर्ग वाढल्याच्या घटना अनेक देशांत नोंदल्या गेल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली जाहीर केलेल्या रोगकारक कवकांच्या यादीत ॲस्परजिलस फ्युमिगेटसला सर्वाधिक प्राधान्याच्या गटात स्थान दिले.

२०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर देशात म्युकरमायकोसिसचे ४५ हजारांहून अधिक रुग्ण आढळल्याची माहिती केंद्र सरकारने त्या वर्षीच्या जुलैमध्ये संसदेत दिली होती. या आजाराला काळी बुरशी म्हटले गेल्याने भिंतीवरील काळ्या डागांची अनेकांनी धास्ती घेतली. हा आजार वेगळ्या कवकांमुळे होतो. आजारात निकामी होणारे ऊतक काळे पडते म्हणून ते नाव रूढ झाले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा वापर ही त्यामागील प्रमुख कारणे होती आणि तो एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीला होत नाही.

पूर ओसरल्यानंतर

२००५ साली अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहर कॅटरिना वादळानंतर पाण्याखाली गेले. पाणी ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये ११२ घरांची पाहणी करण्यात आली, तेव्हा ४६ टक्के घरांत डोळ्यांना दिसणारी बुरशी होती. त्याच वर्षी २६ जुलै रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि असंख्य घरांत पाणी शिरले. २०१८ साली केरळमध्ये, तर २०१९ साली सांगली व कोल्हापूर परिसरात हीच परिस्थिती ओढवली. घरात शिरलेले पाणी उपसल्यानंतर पहिले दोन दिवस महत्त्वाचे असतात. भिजलेल्या वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवल्या तर बहुतेक वेळा बुरशी धरत नाही. त्यानंतर मात्र सुकवण्याबरोबरच बीजाणू न उडवता सफाई करण्याचे आव्हान उभे राहते.

सफाई करताना घ्यावयाची काळजी

सर्वप्रथम पाण्याचा उगम शोधावा. गच्चीची गळती, भिंतीतील फुटका नळ, जमिनीतून चढणारी ओल किंवा कोंदट न्हाणीघर, यांपैकी कारण दूर झाले नाही तर सफाईनंतर बुरशी पुन्हा येते.

डाग साधारण एक चौरस मीटरहून लहान असेल तर घरच्या घरी सफाई करता येते. त्याहून मोठ्या क्षेत्रासाठी जाणकाराची मदत घेणे इष्ट. दमा असलेल्या व्यक्ती, लहान मुले आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांनी त्या वेळी खोलीत थांबू नये.

काम सुरू करण्यापूर्वी पंखा व वातानुकूलन यंत्र बंद करावे, आतील खोल्यांची दारे लावून घ्यावीत आणि बाहेरच्या बाजूची खिडकी उघडी ठेवावी. एन-९५ प्रकारची मुखपट्टी, हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा वापरावा.

डाग कधीही कोरडा खरवडू नये. साबणाच्या पाण्याने तो आधी हलकेच भिजवावा, ओल्या फडक्याने पुसून घ्यावा आणि ते फडके पिशवीत बंद करून टाकून द्यावे. नंतर जमीन ओल्या फडक्याने पुसावी आणि भिंत लवकरात लवकर वाळवावी. प्लायवूड, पुठ्ठा, कापसाच्या गाद्या यांत बुरशी खोलवर गेली असेल तर त्या वस्तू टाकून देणे श्रेयस्कर ठरते.

ब्लीचिंगच्या द्रावणाने बुरशी मरते, परंतु तिचे अवशेष भिंतीवरच राहतात. ते पुसून काढावे लागतात. हे द्रावण आम्ल किंवा अमोनिया असलेल्या सफाईच्या द्रवांत कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. बुरशीवरच नवा रंग किंवा चुना लावल्यास ओल आत कोंडली जाते आणि काही महिन्यांत रंगाचे पोपडे बुरशीसह सुटू लागतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल व बुरशीविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. हवेत किती बीजाणू असल्यास ते सुरक्षित मानावे, असा आकडा त्यांत ठरवून दिलेला नाही. बुरशींचे प्रकार आणि माणसांची सहनशक्ती इतकी भिन्न असते की, तसा एकच आकडा देता येत नाही. ओल रोखणे आणि दिसलेली बुरशी काढून टाकणे, यावरच त्या तत्त्वांचा भर आहे. घरातील हवेची आर्द्रता शक्यतो ६० टक्क्यांपेक्षा कमी ठेवणे, न्हाणीघर व स्वयंपाकघरातील वाफ बाहेर जाऊ देणे आणि कपाटे भिंतीपासून थोडी दूर ठेवणे, हे उपाय बहुतेक घरांत शक्य आहेत. सणासुदीच्या सफाईला कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने सुरुवात केली, तर भिंतीवरील बुरशीचा मोठा भाग घरातील माणसांच्या श्वासात जाण्याऐवजी फडक्यातच राहील.